मुंबईच्या उकाड्यात घरी आंबवलेली पेयं: आंबील, अननसाच्या साली, आलं आणि कोम्बुचा

मे महिना होता. रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरातून धाडकन आवाज आला. जाऊन पाहिलं तर फडताळात ठेवलेली आल्याच्या पेयाची बाटली फुटली होती. काचेचा बोटभर लांब तुकडा ज्वारीच्या पिठाच्या प्लास्टिकच्या डब्यात घुसून तसाच उभा राहिला होता. ते फडताळ माझ्या मुलीच्या चेहऱ्याच्या उंचीवर आहे आणि दिवसा ती तिथेच उभी राहून खाऊ शोधते. हात थरथरत असतानाच मी काचा गोळा केल्या.

चूक शोधायला वेळ लागला नाही. कृतीत लिहिलं होतं, बाटली तीन दिवस बाहेर ठेवा. मी तीन दिवस ठेवली. ती कृती थंड देशातल्या बाईने लिहिलेली होती, जिथे घरात अठरा-वीस अंश असतात. विक्रोळीच्या आमच्या घरात त्या आठवड्यात दिवसा ३३ अंश होते. तिचे तीन दिवस म्हणजे माझा जेमतेम एक दिवस.

म्हणून हे लिहायला बसले. आंबवलेल्या पेयांच्या कृती मुबलक मिळतात, पण त्यातले दिवस मुंबईत चालत नाहीत. इथे कॅलेंडर बाजूला ठेवून नाक, जीभ आणि बाटलीचा ताठरपणा यांवर चालावं लागतं. ते कसं, हे एकेक पेय घेऊन सांगते. क्रम मुद्दाम असा लावला आहे की सोप्याकडून अवघडाकडे जाल. मधलं काही गाळू नका, निदान आंबील तरी गाळू नका.

१. दारू आणि आपलं पेय यांतली रेघ आधी समजून घ्या

आंबवण्याचं शास्त्र सगळीकडे एकच. यीस्ट साखर खातं आणि तिचं वजनाने जवळपास निम्मं मद्यार्क, निम्मा कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरभर पाण्यातली १० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे ०.६ टक्के मद्यार्क होतो. आपल्या पेयांमध्ये लिटरमागे ७० ते १०० ग्रॅम साखर किंवा गूळ घालतो. ती सगळी आंबू दिली तर बिअरइतकं मद्य होईल. आपण तसं होऊ देत नाही. थोडा फेस, थोडा आंबटपणा आला की गाळून फ्रिजमध्ये. हाच सगळा फरक आहे.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, मग ती घरच्यापुरती का असेना. म्हणून घरी बिअर, वाइन किंवा मीड (मधाची दारू) करण्याच्या फंदात पडू नका. वाइन यीस्टची पाकिटं आणून या पेयांत टाकू नका. 'अजून चार दिवस ठेवू, जरा चढेल' हा विचारही करू नका. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यांवर मद्यार्क गेला की पेय मद्य या वर्गात जातं. घरी एवढं बारीक मोजता येत नाही, त्यामुळे लवकर गाळणं आणि लगेच थंड करणं हेच आपल्या हातात आहे.

आणखी एक भीती मला प्रत्येक जण बोलून दाखवतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. 'घरी आंबवलं आणि तसं काही झालं तर?' तिथे जीव घेतला तो दारूत मिसळलेल्या मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यात वापरायच्या रसायनाने. आलं किंवा अननस दोन दिवस आंबवून तेवढं मिथेनॉल तयार होत नाही. पण आंबवलेलं काहीही उकळून त्याची वाफ गोळा करणं, म्हणजे गाळपाची दारू, याला घरात अजिबात जागा नाही.

ही पेयं विकायचा विचार मनात आला तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आधी घ्यावा लागतो. सोसायटीतल्या चार घरांना पैसे घेऊन बाटल्या देणं हीसुद्धा विक्रीच.

२. सामान जमवा, पण सगळं एकदम नको

पहिल्या महिन्याला एवढं पुरे:

- तीन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, दोन असल्या तर उत्तम
- घट्ट विणीचं सुती फडकं आणि रबरबँड. पंचाचं विरळ कापड चालत नाही, त्यातून चिलटं आत जातात
- स्टीलचं किंवा नायलॉनचं गाळणं आणि नरसाळं
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- आम्लता तपासायच्या पीएच पट्ट्या (पीएचचा आकडा जितका कमी, तितकं पेय आंबट)
- सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या, झाकणासकट
- नंतर, हात बसल्यावर, तारेच्या चापाच्या झाकणाच्या जाड काचेच्या बाटल्या

काचेच्या बरण्या क्रॉफर्ड मार्केट आणि लोहार चाळीच्या बाजूला मिळतात. पीएच पट्ट्यांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटवर जा, तिथे प्रयोगशाळेचं सामान विकणारी दुकानं आहेत. १ ते १४ अशी मोठी पट्टी घेऊ नका. तिच्यात ३ आणि ४ चे रंग इतके जवळ असतात की ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. २ ते ५ च्या आसपास बारीक टप्पे दाखवणारी मागा.

तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांच्याजवळ हे पेय नेऊ नका, आम्लाने धातू सुटतो. आणि आजीची चिनीमातीची लोणच्याची बरणी कितीही देखणी असली तरी तिला हात लावू नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत चिनीमातीच्या भांड्यात कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा) करून पिणाऱ्या जोडप्याला शिशाची विषबाधा झाल्याचं आलं आहे. आंबवायच्या बरणीसाठी काच सोडून दुसरं काही वापरू नका.

३. पाणी आणि जागा

मुंबईच्या नळाला येणारं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. ते जंतू मारायलाच घातलेलं आहे, त्यामुळे आपल्या विरजणाचंही नुकसान करतं. आदल्या रात्री पातेल्यात काढून उघडं ठेवा किंवा दहा मिनिटं उकळून पूर्ण गार करा. पावसाळ्यात, नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा, मी नेहमी उकळूनच घेते.

बरणी कुठे ठेवायची हा छोट्या घरातला खरा प्रश्न. फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे गरम हवा येते. गॅसजवळ नको. बंद केलेल्या बाल्कनीत तर अजिबात नको, दुपारी भट्टी होते. आतल्या भिंतीला लागून, खालच्या कप्प्यात, ऊन न येणारी जागा शोधा. बरणी परातीत ठेवून परातीत दोन बोटं पाणी घाला. गुळाच्या वासाने मुंग्यांची रांग लागते ती परातीशीच थांबते आणि बरणी थोडी थंडही राहते. मार्चमध्ये मी बरणीभोवती ओलं फडकं गुंडाळते. जुलैत त्याचा उपयोग नाही, हवेतच इतका ओलावा असतो की फडकं वाळत नाही.

सगळं सामान कढत पाण्याने धुवा. साबण वापरला तर शेवटचा अंश निघेपर्यंत खळखळून धुवा.

४. सुरुवात आंबिलीने करा

तुम्हाला कोम्बुचा शिकायचा असेल आणि मी आंबील सांगते आहे म्हणून कंटाळू नका. आंबील शिजवली जाते, त्यामुळे बिघडण्याची भीती सगळ्यात कमी, बाटली फुटण्याचा प्रश्नच नाही, आणि आंबल्याचा चांगला वास कसा असतो हे नाकाला इथेच कळतं. पुढे सगळीकडे त्याच वासाचा आधार घ्यायचा आहे.

दोन टेबलस्पून ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ वाटीभर ताज्या ताकात गुठळी न राहता कालवून झाकून ठेवा. हिवाळ्यात रात्रभर, मेमध्ये पाच-सहा तास. मग तीन वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घाला आणि हे पीठ धारेने ओतत, सारखं ढवळत पाच-सात मिनिटं शिजवा. गार झाली की ताक घालून पातळ करून, वरून बारीक चिरलेला कांदा घालून प्या.

आमच्या सासूबाई साताऱ्याकडच्या. गौरीच्या नैवेद्याला त्यांच्याकडे आंबील लागतेच. मी त्यांना विचारलं, "आई, किती तास ठेवायचं?" त्यांनी भांडं माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "तास कशाला मोजतेस, वास घे. दह्यासारखा आला की झालं. नाक मागे घ्यावंसं वाटलं तर उशीर झाला." एवढ्या वर्षांत मला याहून चांगली सूचना कुठे सापडलेली नाही. तीन-चार वेळा आंबील करा. दर दोन तासांनी वास घ्या. मग पुढे चला.

थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत, बाजारात लाल गाजरं येतात तेव्हा कांजीही करून पाहा. चार गाजरं आणि एक बीट लांब चिरून, दोन लिटर गार केलेलं उकळलेलं पाणी, तीन टेबलस्पून मोहरीची भरड, दोन टेबलस्पून मीठ, चिमूटभर तिखट. फडकं बांधून खिडकीतल्या उन्हात तीन दिवस, रोज स्वच्छ डावाने ढवळायचं. उत्तरेत काळ्या गाजरांची करतात, ती मुंबईत क्वचित दिसतात, बिटाने रंग भागतो.

५. अननसाच्या साली: तेपाचे

हे मेक्सिकोचं पेय. मूळचं मक्याचं होतं, आता अननसाच्या सालींचं करतात. तिथे कच्च्या उसाच्या साखरेची ढेप वापरतात, म्हणजे आपला गूळच. त्यामुळे आपल्या जिभेला ते परकं लागत नाही.

एक पिकलेला, देठाशी गोड वास येणारा अननस घ्या. गर खा. साली आणि मधला कडक दांडा ठेवा. फळ सोलण्याआधी पाण्याखाली धरून ब्रशने माती काढा, पण साबण किंवा भाज्या धुवायचं द्रावण लावू नका. या पेयात आपण वेगळं विरजण घालत नाही, सालीवर बसलेलं यीस्टच काम करतं. ते धुऊन टाकलंत तर बरणीत नुसतं गुळाचं पाणी राहील. मऊ पडलेला किंवा डोळ्यांत पांढरी बुरशी दिसणारा अननस घेऊ नका. फेरीवाला सोलून काप करून देतो त्याच्याकडच्या सालीही नकोत, त्या किती वेळ उन्हात होत्या कोण जाणे.

१५० ग्रॅम गूळ पेलाभर गरम पाण्यात विरघळवून गाळा, गुळात चिपाडाचे तुकडे असतातच. गार झाल्यावर बरणीत घालून एकूण पाणी दोन लिटर करा. साली, दांड्याचे तुकडे, दालचिनीचा एक तुकडा, तीन लवंगा, अर्ध्या लिंबाचा रस. साली वर तरंगतात आणि बुरशी धरते ती पाण्याबाहेर राहिलेल्या सालीवरच, म्हणून वर एक छोटी काचेची वाटी दाबून ठेवा. फडकं बांधा.

आता बघत राहा. मेमध्ये सकाळी ठेवलं तर रात्रीपर्यंत सालींच्या कडांना मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वर पांढरा फेस आलेला असतो आणि बरणीला कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येते. स्वच्छ चमच्याने फेस काढा, चव घ्या. अजून नुसतं गोड लागलं तर सहा तास थांबा, परत चव घ्या. गोडाच्या मागून आंबट आलं आणि जिभेला किंचित टोचलं की गाळा. मेमध्ये मला २४ ते ३६ तास लागतात, जानेवारीत दोन ते तीन दिवस. गाळलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. त्याच साली परत वापरू नका.

६. आल्याचं विरजण

इंग्रजीत याला जिंजर बग म्हणतात. मी विरजणच म्हणते, कारण काम तेच: थोडं घालायचं, थोडं राखायचं.

जुनं, रेषांचं, तिखट आलं घ्या. साताऱ्याचं आलं दादरच्या भाजीबाजारात सहज मिळतं. स्वच्छ धुवा पण सोलू नका, इथेही यीस्ट सालीतच असतं. बरणीत दीड कप पाणी, तीन टेबलस्पून किसलेलं आलं, तीन टेबलस्पून साखर. फडकं बांधा. रोज एक टेबलस्पून आलं, एक टेबलस्पून साखर घालून ढवळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढवळताना फेस यायला लागतो आणि वास आल्याच्या वडीसारखा होतो. पाच दिवस उलटून काहीच झालं नाही तर ते आलं फेका आणि दुसऱ्या दुकानातलं आणा. काही आल्यावर साठवणुकीसाठी प्रक्रिया केलेली असते, त्याला जीव नसतो. पहिल्यांदा मी आठ दिवस वाट पाहत राहिले, दोष त्या आल्याचा होता.

पेयासाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम ठेचलेलं आलं आणि ८० ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या. कोमट पाण्यात विरजण घालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. हाताला गरम लागतंय तोवर थांबा. मग दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेलं विरजण घाला आणि प्लास्टिक बाटलीत भरा. बाटलीचं पुढे सांगते, ते वाचल्याशिवाय भरू नका.

राहिलेल्या विरजणात काढलं तेवढं पाणी, आलं, साखर घाला. रोज जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा खाऊ घाला.

७. कोम्बुचा

कोम्बुचा म्हणजे गोड कोऱ्या चहाला यीस्ट आणि व्हिनेगरचे जीवाणू लावून आंबवणं. वर जी जाड, मलईसारखी चकती तयार होते तिला स्कोबी म्हणतात. नवखे लोक त्या चकतीलाच सगळं महत्त्व देतात. खरं काम चकतीखालचं जुनं आंबट पाणी करतं. मी ऑनलाइन मागवलेली पहिली स्कोबी प्लास्टिकच्या पिशवीत दोन चमचे पाण्यासह आली. तेवढ्यावर जुलैत दोन लिटर चहा लावला आणि पाचव्या दिवशी वर हिरवे लवदार ठिपके. म्हणून स्कोबी मिळवताना सोबत निदान २०० मिली आंबट कोम्बुचा मागा. ओळखीच्या घरातून मिळाली तर सगळ्यात उत्तम, कोणीही आनंदाने देतं, कारण ती दर खेपेला वाढत जाते.

दोन लिटरसाठी: १२ ग्रॅम साधा काळा पानांचा चहा, १४० ग्रॅम साखर, २५० मिली जुना कोम्बुचा, स्कोबी. घरात सीटीसी पावडर (नेहमीचा दाणेदार चहा) असेल तर ८ ग्रॅमच घ्या आणि तीन मिनिटांत गाळा, नाहीतर तुरट होतं. मसाला, वेलची, गवती चहा, सुगंधी तेल असलेला चहा नको. दूध तर नाहीच.

अर्धा लिटर पाणी उकळून चहा पाच मिनिटं मुरवा, गाळा, साखर विरघळवा, उरलेलं गार पाणी ओता. हाताला अजिबात ऊब लागत नाही असं झाल्यावर बरणीत घालून जुना कोम्बुचा मिसळा. आता पीएच पट्टी बुडवा. ४.५ किंवा त्याखाली यायला हवं. वर असेल तर अजून जुना कोम्बुचा घाला. सुरुवातीचा हा आंबटपणाच बुरशीला आणि रोगजंतूंना रोखतो, पावसाळ्यात तर हीच एक तटबंदी आहे. मग स्कोबी सोडा. ती तरंगेल, बुडेल, आडवी राहील, काहीही चालतं.

तीन-चार दिवसांनी वर नवी पातळ साय धरते. आधी अर्धपारदर्शक, साबणाच्या पाण्यावरच्या पापुद्र्यासारखी, मग हळूहळू पांढुरकी. खालून तपकिरी दोरे लोंबतात, ते यीस्ट आहे, घाबरू नका. मेमध्ये पाचव्या दिवसापासून, थंडीत सातव्या दिवसापासून रोज चव घ्या. चकतीच्या कडेने स्वच्छ स्ट्रॉ घाला, वरून बोट दाबून थोडं बाहेर काढा. पीएच ३ च्या आसपास आणि चव गोड-आंबट बरोबरीची झाली की काढा. पुढच्या खेपेसाठी २५० मिली आधी बाजूला ठेवा, मग बाकीचं भरा. मी एकदा सगळं भरून टाकलं होतं आणि स्कोबी कोरडी उरली.

पीएच २.५ च्या खाली गेलं तर ते पिऊ नका. कोशिंबिरीत, भांडी घासायला, व्हिनेगर म्हणून वापरा.

८. बाटली भरणं: इथेच लक्ष द्या

१ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की पाव लिटरच्या वर वायू तयार होतो. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ४-५ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक चमचा साखर गेली की तिच्यातून सव्वा लिटर वायू निघू शकतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. सोड्याच्या बाटलीतला दाब असाच असतो. दोन-तीन चमचे घातले, किंवा पेयात आधीचीच साखर शिल्लक असली, तर काय होतं ते मी फडताळात पाहिलं आहे.

म्हणून निदान पहिले सहा महिने फक्त कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली वापरा. तीन-चार सेंटिमीटर जागा सोडून भरा, हवा दाबून काढा, झाकण लावा. दर चार-पाच तासांनी दाबून बघा. सुरुवातीला ती मऊ असते, नंतर टणक होते, आणि एका क्षणी न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी ताठ लागते. त्याच क्षणी फ्रिजमध्ये. ऑफिसातून आल्यावर नाही, सकाळी नाही, तेव्हाच. मेमध्ये हे १२ ते १८ तासांत होतं. दिवसभर घरी नसाल तर रात्री भरा आणि निघण्याआधी फ्रिजमध्ये टाका, फेस कमी आला तरी चालेल.

काचेच्या बाटल्यांकडे वळलात तरी प्रत्येक खेपेला एक प्लास्टिक बाटली सोबत भरा. ती ताठ झाली की काचेच्याही झाल्या. काच जाडच हवी, गोल हवी. चौकोनी, शोभेच्या, सरबताच्या पातळ बाटल्या फुटतात. बंद बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवा आणि मुलांच्या हाताच्या व चेहऱ्याच्या उंचीवर कधीही ठेवू नका. फ्रिजमध्येही आंबणं थांबत नाही, फक्त मंदावतं, म्हणून आठवड्याभरात संपवा. उघडताना पूर्ण गार करून, सिंकवर धरून, तोंड दूर ठेवून हळूहळू.

चवीसाठी कोम्बुच्यात अर्ध्या लिटरला दोन चमचे जांभळाचा गर किंवा तीन-चार आमसुलं घातली तर फार सुरेख लागतं. आमसुलाचा रंग दुसऱ्या दिवशी असा खुलतो की नुसतं बघत राहावं. हापूसचा गर मात्र जपून, एक चमचाच, त्यात साखर भरपूर असते आणि बाटली अर्ध्या वेळात ताठ होते.

९. बिघडलं आहे का, कसं ओळखायचं

वर पांढरा, सपाट, सुरकुत्या पडलेला, ओलसर पापुद्रा: जंगली यीस्ट आहे. चमच्याने काढा, वास चांगला असेल तर पेय चालतं.

लवदार, कोरडे, गोल ठिपके, हिरवे, काळे, निळे किंवा पांढरे: बुरशी. वरचं काढून खालचं पिऊ नका. सगळं फेका, स्कोबीसकट. बरणी उकळत्या पाण्याने धुवा. वाईट वाटतं, तरी फेका.

पेयाला तार सुटली, चिकट झालं: विशिष्ट जीवाणूंनी साखरेचा डिंकासारखा पदार्थ केला आहे. मी फेकून नव्याने लावते.

कुजका वास, सडलेल्या अंड्यासारखा वास, किंवा नुसतीच शंका: फेका. यात वीस-तीस रुपयांचा गूळ जातो, बाकी काही नाही.

१०. कोणी पिऊ नये, आणि किती प्यावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, केमोथेरपी किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेले, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, दारू सोडण्यासाठी औषध घेणारे, आणि मद्याचा थेंबही वर्ज्य असलेले: यांना कच्ची आंबवलेली पेयं देऊ नका. पाहुण्यांना देण्याआधी सांगा, यात थोडं मद्य असू शकतं. मधुमेह असेल तर साखर शिल्लक असते हे लक्षात घ्या. शिजवलेली आंबील यातल्या बऱ्याच जणांना चालते, पण आजारी माणसासाठी डॉक्टरांना विचारा.

१९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात घरचा कोम्बुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, त्यातली एक गेली. कोम्बुच्यामुळेच झालं असं सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून निरोगी माणसाने दिवसाला साधारण १२० मिलीपर्यंतच घ्यावा असं सांगितलं जातं. मी घरात छोटी वाटीच ठेवली आहे मापाला. पहिल्या आठवड्यात त्याच्याही निम्मं घ्या आणि पोटाला काय वाटतं ते पाहा.

११. गावाला जाताना

गणपतीला दहा दिवस गावाला निघालात तर आल्याचं विरजण खाऊ घालून, झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. कोम्बुचा फ्रिजमध्ये नको, स्कोबी मरगळते आणि परत लावताना बुरशी धरते. बरणीत ताजा गोड चहा आणि नेहमीपेक्षा दुप्पट जुना कोम्बुचा घालून, फडकं घट्ट बांधून, परातीत पाणी भरून निघा. तीन आठवडे सहज राहतो. परत आल्यावर तो व्हिनेगरइतका आंबट झालेला असेल, तो पिऊ नका, पुढची खेप लावायला वापरा. तेपाचे किंवा भरलेल्या बाटल्या मात्र घरात एकही सोडू नका. निघायच्या आदल्या दिवशी संपवा किंवा ओतून टाका, आणि रिकाम्या बाटल्या धुऊन, झाकणं काढून, उपड्या घालून ठेवा.